कायदा बदलला, कागद बदला

वकिलाच्या कचेरीत किस्से शोधावे लागत नाहीत. ते आपणहून येऊन बाकावर बसतात. मी चिंचवडला भाऊसाहेब वकिलांकडे कारकून होतो, तेव्हा पिंपरीच्या माळावर कारखान्याच्या भिंती उभ्या राहत होत्या आणि दिल्ली-मुंबईहून एकामागून एक नवे कायदे येत होते. माणूस गेल्यावर त्याच्या मिळकतीवर बसणारा कर आला, मुलींचा वारसाहक्क आला, कुळांना जमिनी मिळाल्या. बाकीचे वकील मृत्युपत्र करून द्यायचे आणि विसरायचे. आमच्याकडे मात्र प्रत्येक मृत्युपत्राची वहीत नोंद असे. कायदा बदलला की भाऊसाहेब म्हणायचे, "कुणाकुणाचा कागद शिळा झाला, बघा बरं." आणि आम्ही त्या माणसांना बोलावून घ्यायचो. असं काम आसपास दुसरं कुणी करत असेल, तर निदान माझ्या कानावर नाही.

*

बोलवायचं पोस्टकार्डानं. पहिली कार्डं मीच लिहिली : 'आपल्या मृत्युपत्रासंबंधी तातडीने भेटावे.'

दापोडीच्या गणपत मिस्त्रींना वाचता येत नव्हतं. कार्ड पोस्टमननं वाचून दाखवलं, तेही ओट्यावर, साऱ्या आळीदेखत. दुसऱ्या दिवशी मिस्त्री बायको, दोन सुना आणि व्याह्यांना घेऊन कचेरीत हजर. बायकोचे डोळे रडून सुजलेले. मिस्त्रींनी हात जोडले आणि विचारलं, "साहेब, खरं काय ते सांगा. किती दिस ऱ्हायलेत माजं?"

भाऊसाहेबांनी आधी सगळ्यांना चहा पाजला, मग कागद दुरुस्त केला. तेव्हापासून आम्ही बंद पाकिटं वापरू लागलो. मिस्त्री मात्र पुढं दरवर्षी न बोलावता येत. दारातूनच विचारत, "औंदा काय बदललं का?"

*

स्टेशनजवळ शंकरशेठांची लाकडाची वखार होती. आपल्यामागं मुलाला कर पडू नये म्हणून त्यांनी ती जिवंतपणीच त्याच्या नावे बक्षीस करून दिली. कागद चोख झाला होता. पण एकदा भाऊसाहेब सायकलवरून जाताना बघतात तो शेठ आपले नेहमीच्या गादीवर, गिऱ्हाइकाशी भाव करतायत.

भाऊसाहेब उतरले. त्यांनी समजावून सांगितलं, की नव्या कायद्यात दिलेली वस्तू खरोखर सोडावी लागते. देऊनही तुम्हीच वापरत राहिलात, तर ती तुमचीच धरतात.

शेठ उठले, खुर्ची उचलली आणि रस्ता ओलांडून समोरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसले. मुलगा पहिले आठ दिवस गिऱ्हाइकाला थांबवून भाव विचारायला धावत रस्त्यापलीकडे जायचा. शेठ मान फिरवून घ्यायचे. महिन्याभरात त्याचं धावणं थांबलं. एकदा मी तिथून जात होतो तेव्हा शेठनी मला हाक मारून जवळ बोलावलं, वखारीकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, "माझ्यापेक्षा बरा भाव करतो. आधीच उठायला हवं होतं."

*

चाकणकडच्या एका गावचे तात्या कुलकर्णी. त्यांनी मृत्युपत्रात ओढ्याकाठचं शेत पुतण्यांना लिहून दिलं होतं. ते शेत धोंडिबा नावाचं कूळ बापजाद्यांपासून कसत होतं. कूळकायद्यानं कसणारा मालक झाला. तात्यांना कळवलं, की शेत आता तुमचं नाही, कागदातून ते काढायला हवं.

आले ते रागानंच. तासभर सरकारला बोल लावत होते. भाऊसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि ती ओळ त्यांच्यासमोर खोडली. नवा कागद तयार झाला, साक्षीला एक माणूस कमी पडत होता. मी शेजारच्या शिंप्याला बोलवायला निघालो, तर तात्या म्हणाले, "थांबा. धोंडिबा आलाय माझ्याबरोबर. बैलगाडी त्याचीच आहे."

धोंडिबा आत आला. त्याला सही येत होती. आम्हाला वाटलं नव्हतं. तात्या त्याच्या हाताकडं बघत म्हणाले, "मीच शिकवलीय लहानपणी."

*

पुण्याचे एक नामांकित वकील आम्हाला 'पोस्टकार्डवाले' म्हणून हसायचे. वारसा कायदा आल्यावर त्यांचाच कारकून आमचा नवा मसुदा मागायला आला. मला फार वाटत होतं, भाऊसाहेबांनी त्याला ताटकळत ठेवावं.

"द्या," भाऊसाहेब म्हणाले. "वर तारीख मात्र ठळक घाला. पुढच्या वर्षी पुन्हा मागायला यावं लागेल त्यांना."

*

एकदा वही चाळताना पहिल्याच पानावर मला भाऊसाहेबांचं स्वतःचं नाव दिसलं. कागद स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांनी केलेला. घर मुलाला, दोघी मुलींना नुसते दागिने. मी दोन दिवस विचार केला आणि पाकीट त्यांच्या घरच्या पत्त्यावर टाकलं.

सकाळी ते आले ते आपल्या खुर्चीकडं गेलेच नाहीत. पक्षकारांच्या बाकावर बसले. मला समोर बसवलं आणि लिहून घ्यायला सांगितलं. घराचे तीन वाटे केले, मुलींची नावं आधी घातली. सही करताना म्हणाले, "बरं केलंत." एवढंच. नोकरीत मला याहून मोठी बढती मिळाली नाही.

*

पिंपळे गुरवच्या सरूबाई ऐन विशीत विधवा झाल्या. नवऱ्याची जमीन त्यांच्याकडं आली, पण जुन्या कायद्यानं फक्त हयातीपुरती. विकायची नाही, कुणाला द्यायची नाही. त्यांच्यामागं ती दिराच्या मुलाची, ज्ञानूची. तो दर दिवाळीला यायचा आणि चुलतीच्या पाया पडायच्या आधी बांध फिरून यायचा. अशी तीस वर्षं गेली.

छप्पन साली कायदा आला, की बाईच्या ताब्यातली अशी जमीन पुरी तिच्या मालकीची. पाकीट पाठवत न बसता आम्ही दोघं सायकलींवर पिंपळे गुरवला गेलो. सरूबाई शेतातच खुरपत होत्या. भाऊसाहेबांनी सगळं दोनदा समजावलं.

त्यांनी विचारलं, "मंजी आता कुनाला द्यायची, ती माजी मर्जी?"

"तुमची."

"ज्ञानू काय म्हनंल?"

"त्याला म्हणायला काही उरलं नाही."

भाऊसाहेबांनी बांधावर बसून कागद मांडीवर घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, आता उशीर नको, मृत्युपत्र आजच करू, कुणाचं नाव घालायचं ते सांगा.

सरूबाईंनी खुरपं खाली ठेवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत शेताकडं बघितलं.

"आज नगं, दादा," त्या म्हणाल्या. "चार दिस माजी म्हनून ऱ्हाऊ द्या."

भाऊसाहेबांनी पेनाला टोपण लावलं.