शिवीवर पारखलेला हेडफोन

अंबडला बसस्टँडच्या मागं त्याचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. बंद पडलेला कंप्युटर आला की तो आधी मालकाला झापायचा, "हे काय देवघर समजून राह्यले का? सगळं हळदकुंकू आत गेलंय!" मग रॅमची पट्टी काढून शाळेच्या खोडरबरनं घासायचा, परत बसवायचा आणि कंप्युटर चालू व्हायचा.

हेडफोन निवडायची त्याची रीत मात्र मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. गिऱ्हाइकाच्या कानावर हेडफोन चढवून तो गाणं लावायचा आणि समोर उभा राहून तोंड भरून शिवी द्यायचा. गिऱ्हाईक भडकलं तर हेडफोन बेकार. हसत बसलं तर, "घेऊन जा, बिलकुल एक नंबर!"

त्या महिन्यात मी तिसऱ्यांदा सीपीयू घेऊन गेलो होतो. जाताजाता हेडफोनही बघायला घेतला. गाणं मध्येच बंद पडलं, ते त्याला कळलं नाही. मी शिवीची वाट बघत राहिलो. तो बाकावर बसलेल्या एका गुरुजींना म्हणाला, "याच्या कंप्युटरला काहीच झालेलं न्हाई. बायको गेल्यापासून घरात बोलाया कुणी न्हाई, म्हणून येतो."

मग मला खुणेनं विचारलं, ऐकू आलं का? मी मान हलवून नाही म्हणालो आणि तो भिकार हेडफोन विकत घेतला.

पुढच्या सोमवारी घरीच रॅमची पट्टी ढिली करून मी पुन्हा हजर झालो. त्यानं झाकण उघडलं, पट्टी पाहिली, माझ्याकडं पाहिलं आणि सणसणीत शिवी हासडली. या वेळी माझ्या कानावर हेडफोन नव्हता.

"बसा," तो म्हणाला, "लई टाइम लागंल."