उत्तरेला डोकं

कुंभकोणम्‌च्या एका रेल्वे-विमानाच्या तिकीट कचेरीत मी रेल्वेचं तिकीट काढायला बसलो होतो. शेजारी आमची मराठी कानी पडली म्हणून मान वळवली. चाळिशीचा गृहस्थ, सोबत त्याची म्हातारी आई. नाव मी विचारलं नाही. कंपनीच्या कामाला वर्षानुवर्षं अमेरिकेस उडून त्याने विमानवाल्यांचे पॉइंट जमवले होते. त्यांवर फुकटात आता आई, बायको, पोरं, सगळ्यांना बिझनेस क्लासने अमेरिका दाखवायची होती. तिथली खुर्ची मागे कलंडते, माणूस आडवा होतो म्हणे.

"आडवा? मग डोकं कुठल्या दिशेला?" म्हातारीने विचारलं. "उत्तरेला डोकं मढ्याचं ठेवतात. मी येत नाही."

कारकून हसला. हा हसला नाही. त्याने चष्म्याचं घर विमानासारखं टेबलावर फिरवलं, स्वतः खुर्चीत रेलून पाय ताणले. "जाताना विमान उत्तरेला, म्हणजे पायही उत्तरेकडे, चालेल. येताना मात्र डोकं..."

मी म्हटलं, "आजी, तेवढ्या उंचावर यायचं तर यमालाही पॉइंट लागतील!"

"तुम्ही गप बसा. तुम्हांला कोण नेतंय?"

शाळा मी फारशी पाहिली नाही, पण असं मला कुणी बोललेलं नाही. वाटलं, हा शिकलेला तरी तिला चार शब्द सुनावील. कसचं काय! तो म्हणाला, "अम्मा, येताना तू बसूनच राहा. मीही बसतो, रात्रभर बोलू. एवढी वर्षं एकटाच निजून येतोय."

मला त्याचा राग आला, नि तो आवडलाही.

म्हातारी कारकुनाला म्हणाली, "लिही माझं नाव. खिडकी पाहिजे."