प्राचार्यांच्या आवाजात केलेला फोन

कंपनीनं वर्क पास, म्हणजे कामाचा परवाना, कॅन्सल केला की सिंगापूर आपल्याला तीस दिवस देतं. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीनं नवीन पास काढला तर राहा, नाहीतर बॅग भरा. तुआसच्या कारखान्यांच्या पट्ट्यात तीन वर्षं मशीनं बसवली आणि एक दिवस त्यांनी आमचं डिपार्टमेंटच बंद केलं. नशीब म्हणून सिंगापुरातच, क्वीन्सटाउनला नवीन नोकरी मिळाली. ऑफर लेटर हातात होतं. मग अडलं कुठं? तर डिग्रीवर. नवीन कंपनीचा नियम असा, की पास काढायच्या आधी कॉलेजनं लिहून द्यायचं, हा इसम आमच्याकडंच शिकला आणि पास झाला.

माझ्याबरोबर पुण्याचा एक जण लागला होता. त्याच्या कॉलेजचं उत्तर दोन दिवसांत आलं. माझं कॉलेज तालुक्याच्या गावचं. त्यांना तीन ईमेल गेले, उत्तर शून्य. एचआरच्या मॅडम गोड हसून मला म्हणाल्या, "युअर कॉलेज रियली एक्झिस्ट ऑर नॉट, आह?"

चार वर्षं त्या पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये घाम गाळला होता मी. आणि आता सिद्ध करा, म्हणे, की ते पत्रे होते.

मी कॉलेजला फोन लावायला लागलो. ते अकराला उघडणार, म्हणजे इथं दीड. नोकरी सुरू व्हायची होती, पण रोज एचआरकडं हेलपाटा घालायचो आणि दीडला त्याच बिझनेस पार्कच्या जिन्यात उभा. क्लार्क एक तर चहाला गेलेला, नाहीतर फोनवर असा बोलायचा जणू मी त्याची किडनी मागतोय. ईमेल आम्ही बघत नाही, म्हणाला. प्रिंट काढा, अर्ज लावा, आवकचा नंबर घ्या, स्वतः या. मी म्हटलं, मी सिंगापूरला आहे. तर म्हणाला, मग रजा टाका.

रजा कसली टाकतो? सिंगापूरबाहेर पडलो तर परत आत घेतील याची खात्री नव्हती. शेवटी अण्णांना सांगितलं. माझे वडील एसटी डेपोत मेकॅनिक होते, नुकतेच रिटायर झालेले. त्यांनी सायबर कॅफेतून प्रिंट काढली, लग्नाकार्याचा पांढरा शर्ट घातला आणि गेले. संध्याकाळी फोनवर म्हणाले, होतंय काम. दुसऱ्या दिवशीही तेच, होतंय काम. माझे नऊ दिवस उरले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. अण्णा पाण्याची मोटार चालू करायला गेले तेव्हा तिनं गुपचूप लावलेला. म्हणाली, दोन दिवस त्यांना दाराबाहेर उभं ठेवलंय रे, बसासुद्धा म्हणाले नाहीत. प्राचार्य विद्यापीठात मीटिंगला गेलेत. उपप्राचार्य सही करू शकतात, पण क्लार्क म्हणतो, मोठ्या साहेबांनी सांगितल्याशिवाय मी कागद पुढं सरकवणार नाही. आणि तुला सांगू नको म्हणालेत.

माझं डोकंच फिरलं. ज्या माणसानं तीस वर्षं अख्ख्या तालुक्याच्या गाड्या चालू ठेवल्या, त्याला हा दाराबाहेर उभा करतो? याच क्लार्कच्या पोरांना शाळेत नेणारी एसटी कुणी दुरुस्त केली?

आता, मला नकला येतात. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आख्खा स्टाफ काढायचो मी, आणि प्राचार्य तर माझे हातखंडा. आधी खोकायचं, मग "असं आहे पहा", मग इतकं थांबायचं की समोरच्याला आपली सगळी पापं आठवावीत.

दीड वाजता जिन्यात जाऊन मी फोन लावला. खोकलो.

"असं आहे पहा," मी म्हणालो, "एक सिंगापूरचं प्रकरण आलंय म्हणे."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गडी उभा राहिला होता. म्हणाला, "हो सर, आलंय सर, मी करतच होतो सर."

मी थांबलो. साहेब थांबायचे तेवढाच वेळ.

"उपप्राचार्यांची सही घ्या आणि आत्ता ईमेल टाका. आणि त्या गृहस्थांना बसायला द्या."

वीस मिनिटांत ईमेल आला. वीस मिनिटं! मी वाचून हसलो, तिथंच जिन्यात, एकटाच. वाटलं, जिंकलो राव.

संध्याकाळी चोआ चू कांग भागातल्या माझ्या खोलीवर आलो आणि अण्णांना फोन केला. म्हटलं आता हसतील, शाबास म्हणतील. त्यांनी सगळं सांगितलं. क्लार्कनं खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, आत बसवलं. साहेब तुमच्या ओळखीचे आहेत हे आधी का नाही सांगितलंत, म्हणाला.

मी विचारलं, "मग?"

"मग काय. खोकला ऐकू आला रिसीव्हरमधून. तेव्हाच वळखलं, तू हायेस."

मी हसलो. ते नाही हसले.

"एक सांग. मी तीन दिवस त्याला तेच सांगत होतो. तू माझा आवाज काढून फोन केला असतास, तर उठला असता का तो?"

मी म्हटलं, ईमेल पोचला अण्णा, काम झालं. ते म्हणाले, चल ठेवतो, जेवून घे.

पास आला. मुदतीच्या चार दिवस आधी. एचआरच्या मॅडमनी सहकार्याबद्दल आभार मानले. कुणाचं सहकार्य, हे त्यांना काय माहीत. क्लार्क अजून तिथंच आहे, दुसऱ्या कुणाच्या तरी बापाला दाराबाहेर उभं ठेवत असणार.

मी अण्णांची नक्कल कधीच केली नव्हती. पास मिळाला त्या दिवशी खोलीचं दार लावून करून पाहिली. तीन दिवस ते जे म्हणत असतील तेवढंच एक वाक्य. "सायेब, पोराचं तेवढं बघता का?"

पहिल्याच झटक्यात हुबेहूब निघालं. मान आपोआप खाली गेली, हातही जोडले गेले. आणि मला जो राग आला, तो अजून उतरलेला नाही.