पोडाच्या वाटेवर कुत्री बसली तेव्हा

हँडलरांना मी ढेकळं मारायचो. नांगरलेल्या काळ्या रानातली, उन्हानं दगड झालेली. सोबत डबे बडवणारे दोघे, आयमाय उद्धरणारा एक आणि हवेत कोरी काडतुसं उडवणारा एक. या सगळ्यातून हँडलरनं कुत्रा घेऊन पुढं जायचं आणि मी लपवलेलं स्फोटकाचं सँपल शोधायचं. कुत्र्याला नाकाचं काम येतंच. पण हँडलर घाबरला की त्याची मूठ आवळते, दोरी ताणते, आणि कुत्रा जमिनीचा वास सोडून माणसाकडं बघायला लागतो. जंगलातल्या पोस्टिंगवर कुत्र्यानं तेवढ्यासाठी मान वर केली, तर दोघांचे तुकडे गोळा करावे लागतात. मी ते एकदा केले होते, पोत्यात. म्हणून ढेकळं.

मी तेव्हा पोलिसांच्या श्वानपथकात नव्या हँडलरांचा उस्ताद होतो. त्या तुकडीत घाटंजीकडची एक पोरगी होती. कापूस पिकवणाऱ्या घरातली, उंच, कमी बोलणारी. तिच्या वाट्याला काळी लॅब्राडोर कुत्री आली होती. पहिल्याच दिवशी माझं ढेकूळ तिच्या कपाळावर फुटलं. रक्त डोळ्यात उतरलं. तिनं ते बाहीनं पुसलं, पण दोरी सैलच ठेवली. कुत्री सँपलपाशी जाऊन बसली. आमच्या कामात बसणं म्हणजे ‘इथं आहे’. भुंकायचं नाही, उकरायचं नाही, तोंड तर लावायचंच नाही.

“लागलं का?” मी विचारलं.

“लागलं ना, उस्ताद. आता थांबू का पुढं जाऊ?”

प्रशिक्षणाचा शेवटचा भाग झरी जामणीच्या जंगलात असायचा. एका पोडाजवळ, म्हणजे कोलामांच्या वस्तीजवळ, आमचे तंबू होते. तूर फुलावर आलेली. पोडातलं एक तांबडं कुत्रं रोज भाकरीच्या आशेनं आमच्या मागं यायचं. मी हाकलायचो, ते चार पावलं मागं सरून पुन्हा यायचं.

त्या सकाळी नाल्यापलीकडं सँपल लपवून मी पोरीला पायवाटेनं पाठवलं. पोडातल्या बायका याच वाटेनं शेतात जायच्या. मी आणि खरी बंदूक घेतलेला एक शिपाई मागून चाललो होतो. नाला अजून लांब होता, आणि कुत्री मधेच बसली.

“उस्ताद, इथं ठेवलं होतं काय तुमी?”

“नाही.”

“मंग हे खोटीच बसली?”

“दोरी ओढू नको. तिला हळू बोलव अन् आल्या पावली मागं ये.”

ती मागं सरली, कुत्रीही सरली. एवढ्यात ते तांबडं कुत्रं माझ्या पायाजवळून सुटलं आणि कुत्री बसली होती तिथल्या गवतात घुसलं. मी ओरडलो. त्यानं तोंड वर काढलं तेव्हा दातांत कणकेचा गोळा होता. डुकरं मारायला आमच्याकडं असे गावठी बॉम्ब लावतात. वरून कणीक, आत बारूद आणि काचा.

त्यानं तो चावला.

आवाज झाला, माती उडाली, आणि पोरगी गालावर हात ठेवून खाली बसली. बोटांमधून रक्त येत होतं, काच रुतली होती. तांबडं कुत्रं मात्र उभंच होतं. त्याला खालचा जबडा राहिला नव्हता. तसंच ते माझ्याकडं चालत आलं, शेपूट हलवत. मी शिपायाच्या हातून बंदूक घेतली आणि त्याच्या कानामागं गोळी घातली.

पोडानं दोन आवाज ऐकले. लोक काठ्या, कुऱ्हाडी घेऊन धावत आले. त्यांना दिसलं ते मेलेलं कुत्रं आणि बंदूक धरलेला मी. ज्या बाईचं ते कुत्रं होतं तिनं किंकाळी फोडली.

“तुमीच बॉम्ब पेरता अन् तुमच्या कुत्र्यायले हुडकाले लावता!” एक दांडगा गडी ओरडला. “आमच्या बाया जातात इथून!”

मी काही बोलायच्या आत त्याची काठी माझ्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. दुसरी पाठीवर, तिसरी मानेवर. मी पडलो. खाली पडलेली बंदूक शिपायानं उचलून रोखली.

“खाली घे!” मी मातीतून ओरडलो. “गोळी सुटली तर कोणी वाचत नाही!”

दगड सुरू झाले. त्या दगडांत पोरगी उठली. गाल फाटलेला, गणवेशाचा गळा लाल. तिनं कुत्रीला वाटेवर घेतलं आणि कामाला लावलं. एक दगड तिच्या खांद्याला लागला, एक कुत्रीच्या पोटात. कुत्री केकाटली, वाकडी झाली, पुन्हा नाक जमिनीला लावून चालू लागली. बोरीच्या झुडपापाशी बसली. पुढं वळणावर परत बसली. पोरगी लोकांकडं वळली.

“अजून दोन हायेत या वाटेवर. आमचे असते तं मी माह्या कुत्रीले त्यावर नेली असती का?”

दगड थांबले. कुत्र्याची मालकीण वळणापर्यंत आली, लांबूनच गवतातला गोळा पाहिला आणि मागं फिरली. गर्दीतून एक माणूस हळूच सटकत होता. वाटेलगतची तूर त्याचीच होती. मालकिणीनं हातातला दगड थेट त्याच्या तोंडावर मारला. दात पडले. मग सगळेच त्याच्यावर तुटून पडले. माझा हात मोडणारा गडी सगळ्यात पुढं होता.

तो माणूस मेलाच असता. पोरगी कुत्रीसकट त्या घोळक्यात घुसली. महिनोन्‌महिने आम्ही जिला भुंकू दिलं नव्हतं ती कुत्री पिसाळल्यासारखी भुंकली. माणसं बिचकून फाकली. पोरगी त्याच्या अंगावर ओणवी झाली, त्याच्या वाट्याच्या काठ्या पाठीवर घेतल्या. शिपायानं हवेत गोळी झाडली तेव्हा हात थांबले.

दुपारपर्यंत बॉम्बनाशक पथक येऊन ते दोन गोळे निकामी करून गेलं. त्या माणसाला आणि आम्हाला एकाच गाडीतून दवाखान्यात नेलं. त्याचा एक डोळा गेला होता.

“डुकरं सारी तूर खाऊन जातात, साहेब,” तो म्हणाला. “म्या माणसायसाठी नाई लावले.”

“बायायच्या वाटेवर लावले तुमी,” गालावर पट्टी दाबून पोरगी म्हणाली.

“वाट डुकरायचीबी तेच हाय.”

पुढं त्याच्यावर खटला झाला.

तंबूत परतल्यावर वेगळंच संकट आलं. स्वयंपाक्यानं परातीत कणीक मळली की कुत्री तिच्यासमोर जाऊन बसायची आणि थरथरायची. लोक आधी हसले, मग कोणी हसेना. वरून निरोप आला, कुत्री बाद, पोरीला दुसरी द्या.

“मी दुसरी घेत नाई,” ती म्हणाली. “माह्यासोबत हिनंबी मार खाल्ला.”

रोज ती स्वतः कणीक मळायची, गोळा तळहातावर घ्यायची, आधी स्वतः चावायची आणि उरलेला कुत्रीपुढं धरायची. कुत्री तोंड फिरवायची. थंडी संपत आली तेव्हा एका सकाळी तिनं तो चाटला. परीक्षेत त्या दोघी पास झाल्या आणि जंगलातल्या पोस्टिंगवर गेल्या.

कुत्री आता निवृत्त आहे, पोरीच्या माहेरी. मागच्या दिवाळीत मी भेटायला गेलो होतो. त्या स्फोटापासून पोरीला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, म्हणून ती ओरडून बोलत होती. कुत्री तोंडाभोवती पांढरी झालेली, ओट्यावर झोपली होती. गल्लीत सुतळी बॉम्ब फुटला. तिनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. माझ्या हातातला चहा मात्र सगळा पायावर सांडला.