संजीवन सभेनंतरची विहीर

गाणे कडव्याच्या अर्ध्यावर थांबले. मग ओले पोते टाकल्यासारखा आवाज आला आणि विहिरीच्या तोंडातून पांढरी धूळ वर आली.

मी दुपारच्या भाकरी घेऊन चर्चच्या आवारात पोहोचतच होते. धावले नाही. डोक्यावर टोपली होती आणि धावायचे कशासाठी, हे अजून कळले नव्हते. कडेला जाऊन पाहिले. सकाळी तिथे अडीच पुरुष खोल खड्डा होता. आता पूर्वेची सगळी बाजू खाली बसली होती आणि खड्ड्याच्या जागी मातीचा उतार होता. चाकाजवळ घमेली ओढणारे दोघे जण उताणे पडले होते. त्यांना काही झाले नव्हते, नुसते घाबरले होते.

खाली दोन माणसे होती. एक माझा नवरा. ते गावच्या मिशन शाळेत शिकवत, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणत. मीही तेच म्हणे. दुसरा नाना. हा सातपुड्याच्या पायथ्याचा भिल्ल, बापाच्या वेळेपासून ख्रिस्ती, आमच्याकडे येऊन मजुरी करायचा. नानाची बायको, जिला मी अक्का म्हणे, माझ्या मागून पाण्याची घागर घेऊन येत होती. तिने घागर खाली ठेवली, सांडू न देता, आणि विचारले, "गाणं का थांबलं?"

मी म्हटले, "दोघंही आत आहेत."

ते दोघे एका खड्ड्यात कसे आले, ते सांगितले पाहिजे, कारण एरवी ते एका बाकावरही बसत नसत.

आमचे गाव सोनगीरच्या पुढे, आग्रा रोडपासून कोसभर आत. स्वराज्य आले आणि काही वर्षांनी आमचा मिशनचा साहेब त्याच्या देशाला परत गेला. बंगला विकला गेला आणि बंगल्यातली विहीर बंगल्याबरोबर गेली. घेणाऱ्याने फाटकाला कुलूप लावले. आम्ही पूर्वी गावकुसाबाहेरचे, म्हणून गावच्या विहिरीवर आमच्या बायका ताटकळत बसत, कोणी वरून ओतले तर पाणी. कायदा झाला असे गुरुजी वर्तमानपत्र वाचून सांगत. वर्तमानपत्र विहिरीपर्यंत आले नव्हते.

तेव्हा जळगावहून एक उपदेशक आले आणि आठ दिवस संजीवन सभा झाल्या. स्वयंपाक माझ्याकडे होता. कळण्याची भाकरी, भरीत आणि ठेचा. उपदेशकांना ठेचा सोसला नाही, पण मागून घेत. त्यांचे बोलणे सरळ होते. देशाचा मालक गेला, देश आपल्या पायावर उभा राहायला बघतो आहे, आणि तुमची मंडळी अजून साहेबाच्या पत्राची वाट बघते. छप्पर गळले तर पत्र, पाळकाचा पगार थकला तर पत्र. देव आगबोटीने येत नाही, म्हणाले. पहिल्यांदा स्वतःची मने साफ करा, मग देशाला शिकवायला निघा.

सहाव्या दिवशी लोक रडायला लागले. एकेक जण उठून पाप कबूल करायचा. कोणी शेजाऱ्याच्या बांधाचा दगड सरकवला होता. एका म्हातारीने सुनेच्या नथीबद्दल असे काही सांगितले की सून सभेतच तिच्याकडे वळून बसली. मी रडले नाही. मला पन्नास माणसांच्या भाकरी थापायच्या होत्या, आणि रडून पीठ मळले जात नाही.

आमचे गुरुजीही उठले. म्हणाले, मी नानाच्या विरुद्ध पाप केले आहे. खरेच केले होते. प्रभुभोजनाला आमच्याकडे एकच प्याला. मनुका भिजवून रस मी करायची. प्याला पहिल्यांदा आमच्या लोकांकडे जायचा, शेवटी भिल्ल घरांकडे. हे कोणी लिहून ठेवले नव्हते, पण कोणी मोडतही नव्हते. गावाने आम्हाला बाहेर ठेवले होते आणि आम्ही नानाला मागे ठेवले होते. तीन वर्षांपूर्वी एका नाताळाला नाना घाईत होता, त्याचा बैल आजारी होता, म्हणून तो पुढे आला आणि सगळ्यांआधी रस प्याला. गुरुजींनी प्याला पुढे ढकलला, उठले आणि निघून गेले. त्या दिवसापासून बोलणे बंद. बायका मात्र बोलत होतो. अक्काचे जाते चांगले होते, माझे खराब, मला भांडण परवडत नव्हते.

तर सभेत गुरुजी नानाच्या गळ्यात पडले, दोघे रडले, उपदेशकांनी हात वर केले. पुढच्या रविवारी प्याला आला तेव्हा गुरुजी नेहमीसारखे नानाच्या आधी उठले.

घरी मी म्हटले, "गळ्यात पडून झालं. प्याल्याचं काय?"

"ते वेगळं. ती पद्धत आहे."

"मग रडलात कशाला? रुमाल मी धुतला."

त्यावर ते वर्तमानपत्र वाचत बसले.

सभेच्या शेवटच्या दिवशी मंडळीने देवापुढे शब्द दिला होता की चर्चच्या आवारात स्वतःच्या हातांनी विहीर खणायची, ईस्टरच्या आधी पाणी काढायचे, आणि ते पाणी गावातल्या कोणालाही, कोणत्याही जातीला खुले ठेवायचे. बाहेरचा मजूर लावायचा नाही, आणि पत्र तर मुळीच नाही. आमचे पाळक तरुण होते आणि सभेने फार पेटले होते. त्यांनी ठरवले की ज्यांनी समेट केला आहे त्यांनी जोडीने खाली उतरावे. नाना कुदळ मारेल, गुरुजी घमेली भरतील. गुरुजींनी जन्मात फावडे धरले नव्हते. पहिल्या दिवशी त्यांच्या हाताला एवढे फोड आले की भाकरीचा घास मी मोडून द्यायची.

खाली दोघांना एकमेकांशी बोलायला काही नव्हते. म्हणून गाऊ लागले. एक ओळ नाना, एक ओळ गुरुजी. नानाचा आवाज चांगला, गुरुजींचा शाळेतला. दिवसभर ते गाणे आवारात ऐकू यायचे आणि सगळे म्हणायचे, बघा, संजीवन. मला वाटायचे, बोलायला लागू नये म्हणून गातात.

एक म्हातारा बेलदार, विहिरी बांधण्यात ज्याचा जन्म गेला होता, सोनगीरच्या कामावर जाता जाता आमच्याकडे डोकावला. खाली बघून म्हणाला, "ही वरची पांढरी माती आहे. आधी तिला दगडाचा घेर बांधा, मग खाली जा. उभी राहायची नाही ही."

पाळक म्हणाले, "बाबा, ईस्टर जवळ आला. आमचा विश्वास आहे."

"विश्वास तुमचा आहे हो. मातीचा कुठं आहे?"

सगळे हसले. पाळकही हसले. आणि खणत राहिले. हीच ती चूक. दुसऱ्या कोणी केली नसती. साधा शेतकरी असता तर त्याने बेलदाराचे ऐकले असते. आम्ही देवाला तारीख दिली होती.

तर मी कडेला उभी होते. पाळक धावत आले, आत बघितले आणि तिथेच गुडघे टेकून प्रार्थना करू लागले. आजूबाजूचे सगळे टेकू लागले. ढासळलेल्या कडेवर पंधरा माणसे.

मी म्हटले, "पाळक, मागे जाऊन टेका. कड अजून खाली येईल. आणि कोणीतरी सायकल काढा, बेलदाराला आणा."

पाळक उठले आणि स्वतःच सायकलीवर गेले. त्यांचे एवढे मला आवडले.

अक्का पोटावर झोपून पश्चिमेच्या बाजूने पुढे सरकली. तिकडे वरपर्यंत मुरूम होता, ती बाजू घट्ट होती. तिने नानाला हाक मारली. पुन्हा मारली. मग मातीखालून, अगदी भिंतीलगत, आवाज आला.

"जित्ता शेतस. दोन्ही. गुरुजीना पाय दबायना."

मुरुमाच्या खाली त्यांनी सकाळीच कोनाड्यासारखी जागा खणली होती. नानाने माती हलताना पाहिली आणि गुरुजींना बखोटीला धरून तिथे ओढले. नाना पूर्ण आत आला, गुरुजींचा एक पाय मांडीपर्यंत बाहेर राहिला. वर हात जाईल एवढी फट होती. तेवढीच हवा.

अक्काने माझ्याकडे पाहिले आणि हसली. मीही हसले. लोकांना वाटले आम्हाला वेड लागले.

बेलदार आला तेव्हा गाव जमले होते. पाटील स्वतः आले होते, आपल्या मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, आणि चार गडी घेऊन. या पाटलांच्या विहिरीवर आमची सावली चालत नव्हती. नाडा मात्र त्यांनी सरळ माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बाई, भिजवून घ्या, कोरडा तुटेल." मी अक्काच्या घागरीतून भिजवला.

बेलदाराने सगळ्यांना वीस पावले मागे बसवले. पहिल्यांदा वरची माती काढायची, मग फळ्या लावायच्या, मग खाली. घाई करणाऱ्याला त्याने एकच शिवी दिली, ती इथे लिहीत नाही. ती त्याने चुकून पाळकांना दिली. पाळकांनी मुकाट्याने घमेले उचलले.

ऊन तापले होते. फटीतून एक लहान लोटा दोरीने खाली सोडला. बराच वेळ तो कोणी घेईना. मग आतून बोलणे ऐकू आले, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा ते दोघे गाण्याशिवाय बोलत होते.

नाना म्हणत होता, "पहिले तुम्ही."

गुरुजी म्हणत होते, "नाही. आधी तुम्ही घ्या, नाना."

"तुमना पाय दबायना शे."

"पायाचा आणि तहानेचा काय संबंध? मी सांगतो ना, आधी तुम्ही."

"माले तहान नही."

"नसू दे. प्या."

शाळेतल्या पोराला ओरडावे तसे ओरडत होते. माती गळून लोट्यात पडत होती. अक्का फटीजवळ तोंड नेऊन म्हणाली, "आते तरी पाणी पी ल्या, बठ्ठं गाव उभं शे."

मी म्हटले, "कोणीही प्या, नाहीतर लोटा वर ओढते."

नाना प्याला. तहान नसताना प्याला. मग गुरुजी. मग गुरुजींचा आवाज आला, "आज ठेच्यात मीठ कमी आहे का? काल कमी होतं." टोपली अजून माझ्याजवळच होती, त्यांनी काही खाल्लेही नव्हते. तेव्हा मला पक्के कळले की त्यांना काही होत नाही.

पाटील माझ्याकडे बघून म्हणाले, "गुरुजी घरी पण असेच?"

"घरी जास्त."

दोन भाकरी फडक्यात बांधून खाली सोडल्या. थोड्या वेळाने खालून गाणे सुरू झाले. अर्ध्यावर राहिलेले कडवे नव्हे, दुसरेच, पेरणीचे, नानाच्या गावाकडचे. गुरुजींना शब्द येत नव्हते. ते नानाच्या मागे चुकत म्हणत होते आणि नाना मध्येच थांबून सुधारत होता. पाटलांचा एक गडी माती उपसता उपसता तेच गुणगुणू लागला. बेलदार म्हणाला, गा, पण हळू, माती ऐकते. आधी आम्हाला ती थट्टा वाटली. मग सगळे खरेच हळू गाऊ लागले. वीस पावलांवर बसलेले ख्रिस्ती, गडी, गावच्या बायका. मी आठ दिवसांच्या सभेत बसले होते, पण मला आत काही हलल्यासारखे वाटले ते इथे. ते सांगायला मी कधी उभी राहिले नाही.

ऊन कलायच्या सुमारास नानाला वर काढले. त्याने वर येऊन पाणी मागितले नाही, फळी मागितली, आणि पुन्हा खाली गेला. गुरुजींचा पाय तो आणि बेलदार यांनी मिळून मोकळा केला. त्यांना नाड्याने बांधून ओढले तेव्हा एक टोक पाटलांच्या हातात होते.

मी टोपली उघडली. भाकरी गार झाल्या होत्या. बेलदार जेवला, गडी जेवले. पाटलांनी भाकरी घेतली नाही, पण ते अक्काच्या घागरीतले पाणी ओंजळीने प्याले आणि कोणाकडे न बघता निघून गेले. माझ्या मते तेवढे पुष्कळ होते. पाळकांनी पुढच्या रविवारी त्यावर तासभर उपदेश केला. लांबला.

विहीर ईस्टरला झाली नाही. बेलदाराने आधी घेर बांधला, मग पावसाच्या तोंडावर पाणी लागले. गोड आहे. पहिल्या वर्षी गावातल्या बायका संध्याकाळी चोरून नेत, दुसऱ्या वर्षी भांडून रांग लावून नेऊ लागल्या. भांडू लागल्या तेव्हा मला बरे वाटले.

प्याल्याचे म्हणाल तर गुरुजी पुढचे चार महिने मागच्या बाकावर बसले, पाय बांधलेला, म्हणून प्याला त्यांच्याकडे सगळ्यांत शेवटी जायचा. पाय बरा झाल्यावरही ते तिथेच बसत, नानाच्या शेजारी. लोक याला संजीवन म्हणत. मी विचारले तेव्हा गुरुजी म्हणाले की मागे वारा चांगला लागतो.

त्या दिवशी खड्ड्यात दोन माणसे होती. दोघेही जगले. नानाला खरचटलेसुद्धा नव्हते. गुरुजींचा उजवा पाय थोडा आखूड राहिला.