दुसरं प्रेत

ओरव्हिल टीगसारखा मरणारा माणूस आमच्या धंद्यात दुसरा नव्हता. हे मी कौतुकानं सांगतेय. आम्ही हॉलिवूडचे एक्स्ट्रा. रोज संध्याकाळी काम वाटणाऱ्या कचेरीला फोन करायचा आणि पलीकडच्या बाईनं "आज काही नाही" म्हणून तो आदळायचा, यात आमची हयात गेली. पण लढाईचं चित्र निघालं की ओरव्हिलला बोलावणं यायचंच. बाकीचे बाप्ये मरताना छाती काय धरायचे, हात काय उडवायचे, आणि एक डोळा कॅमेऱ्यावर ठेवायचे. हा नुसता गुडघ्यांवर बसायचा आणि आडवा व्हायचा. १९१८ साली फ्रान्समध्ये त्यानं माणसं खरोखर मरताना पाहिली होती. तिथल्याच विषारी वायूनं त्याची छाती कायमची बिघडली. दिवसभर खोकायचा, पण कॅमेरा चालू असताना कधीच नाही.

त्या छातीसाठीच तो आयोवातलं ओटमवा सोडून इथल्या कोरड्या हवेत आला. मागे बायको लुएला आणि चार वर्षांची मुलगी वर्ना. "बरा झालो की बोलावून घेतो," असं सांगून निघाला. बरा झाला नाही आणि बोलावलंही नाही. यात मी त्याची बाजू घेणार नाही. लुएलानं त्याचे सगळे फोटो जाळले. मी असते तर कपडेही जाळले असते.

वर्ना मोठी होऊन टेलिफोनच्या ऑफिसात लागली आणि स्वतःच्या पत्त्यावरून बापाला पत्रं लिहू लागली. मग हा बहाद्दर तिला आपण काम केलेल्या चित्रांची नावं कळवायचा. काम खरं होतं, पण दिग्दर्शकाला प्रेतं पालथीच हवी असायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यानं तिचं पत्र माझ्या हातात दिलं. त्यात लिहिलं होतं, "बाबा, चारही चित्रं पाहिली. तुम्ही कुठेच नव्हता. आई म्हणते, तो जन्माचा खोटारडा आहे, तू कशाला तिकिटं काढतेस. तुम्ही खरंच तिथे असता का?"

"एक फोटो पाठव आणि मोकळा हो," मी म्हणाले.

"फोटो काय, कुठल्याही गल्लीत काढून मिळतो. लुएला म्हणेल, फोटो आहे, मग सिनेमा कुठाय?"

"मग एकदा तोंड वर करून मर की, बाबा."

"तूच सांग जाऊन दिग्दर्शकाला. माझं कोण ऐकतंय?"

त्याला पोरीपुढे खोटारडा म्हणून मरायचं नव्हतं. बाकी काही मागणं उरलंच नव्हतं त्याचं.

अडतीसच्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या जुन्या उत्तर-दक्षिण युद्धावरचं मोठं प्रेमचित्र सुरू झालं. नायिका लढाईनंतर नदीकाठी आपल्या माणसाला शोधत फिरते, दोन प्रेतं उलटी करून बघते आणि तिसरा तो निघतो, असा प्रसंग. साहाय्यक दिग्दर्शक प्रॉक्टर आमच्यातून दोन चेहरे निवडायला आला. पहिला त्यानं गस हाबर्लीला घेतला. गस पक्का बेवडा, पण दाढी देखणी. दुसऱ्यासाठी प्रॉक्टर इकडेतिकडे बघत असताना ओरव्हिल रांगेतून एक पाऊल पुढे आला. इतक्या वर्षांत त्यानं असं कधी केलं नव्हतं.

"तू खोकतोस ना रे?" प्रॉक्टरनं विचारलं.

"मेलेली माणसं खोकत नाहीत, साहेब."

प्रॉक्टर हसला आणि ओरव्हिलला काम मिळालं.

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. अंगात जाड लोकरी गणवेश आणि खाली पाइपानं पाणी मारून केलेला चिखल. मी मागे बादली घेऊन फिरणारी गावातली बाई होते. गसचं काम एका फटक्यात झालं. ओरव्हिलच्या वेळी मात्र नायिका बाईसाहेबांचं काही जमेना. एकदा झग्याला पाय अडकला, एकदा रडू लवकर आलं, एकदा वरून विमान गेलं. दर वेळी तो श्वास कोंडून, उघड्या डोळ्यांनी पडून राहायचा आणि "थांबा" ऐकलं की कुशीवर वळून चिखलात खोकायचा. सहाव्या खेपेनंतर मी पाणी घेऊन गेले.

"सोड ना रे. घेतील दुसऱ्या कुणाला."

"घेतील. म्हणूनच नाही सोडत."

"छाती फुटेल मेल्या तुझी."

"कोरा, तू जरा बाजूला हो. सावली पडतेय तुझी."

नवव्या खेपेला जमलं. दिग्दर्शकानं नायिकेची पाठ थोपटली आणि लोक सरबताकडे धावले. ओरव्हिल उठला तेव्हा त्याच्या रुमालावर रक्त होतं, आणि ते रंगखात्यातलं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात तो तीन आठवडे होता. बोलवत नव्हतं, तरी माझ्याकडून पत्र लिहून घेतलं. "लिही, नायिका दोघांना उलटं करते. दुसरा तुझा बाप. पहिल्याकडे बघत बसू नकोस, चार सेकंदांचा मामला आहे." पत्र टपालात पडल्यावर दोन दिवसांनी तो गेला. घरमालकिणीनं रोगाच्या भीतीनं त्याचं अंथरूण, ट्रंक, कागद सगळं पेटवून दिलं. मी पोहोचले तेव्हा राख झाली होती. बाप गेल्याचं मीच वर्नाला कळवलं.

चित्र हिवाळ्यात लागलं. पहिला खेळ फरकोटवाल्यांसाठी. आमच्यासारख्यांनी ते उपनगरातल्या स्वस्त थिएटरांत उतरेपर्यंत थांबायचं. त्याआधीच वर्नाचं पत्र आलं.

"मिस कोरा, मी बाबांना पाहिलं. दाढी किती छान होती त्यांची! नाक अगदी माझं आहे. मी तीनदा जाऊन आले. पहिल्या वेळी आईलाही ओढत नेलं होतं, म्हटलं आता स्वतःच्या डोळ्यांनी बघ. पण तिचं मन दगडाचं. पहिलं प्रेत उलटं केलं तशी ती उठली आणि बाहेर चालू पडली. दोन क्षण थांबली असती तर बाबा दिसले असते. मी तिच्याशी बोलणं टाकलंय."

ओरव्हिलला दाढी नव्हती. दुसऱ्याच दिवशी दोन ट्रॅम बदलून, चित्र जिथे लागलं होतं तिथे गेले. नायिका नदीकाठी आली, वाकली, पहिल्या प्रेताचा खांदा धरून तिनं ते उलटं केलं, आणि तो ओरव्हिल होता. डोळे उघडे, चेहरा पडदाभर. त्याच्यानंतर गस.

पंधरा वर्षं या धंद्यात काढलेल्या बाईला हे सुचू नये? चित्र ज्या क्रमानं काढतात त्या क्रमानं जोडत नाहीत, हे इथलं कुत्रंही जाणतं. पण आम्हाला फक्त आपला दिवस आठवतो. त्या दिवशी तो दुसरा होता, म्हणून त्यानं दुसरा सांगितलं आणि मी दुसरा लिहिलं. पोर तीन वेळा बापासमोर बसली आणि तिन्ही वेळा तो कधी सरतोय याची वाट बघत राहिली. मी थिएटरात भोकाड पसरलं आणि पुढच्या बाईनं मला गप्प केलं.

चित्र तोवर ओटमवातून गेलं होतं. वर्नाला दाखवायला माझ्याजवळ त्याचा फोटो काय, कागदाचा कपटाही नव्हता. शेवटी मी वर्नाला नाही, लुएलाला लिहिलं: "पहिलं प्रेत त्याचं होतं. तुम्ही का उठलात ते मला आज कळलं. चूक माझी आहे. पोरीला तुम्ही सांगाल, की मी सांगू?"

दहा दिवसांनी तिचं उत्तर आलं. अक्षर शाळेतल्या मुलीसारखं, सरळ रेषेत.

"बाई, पोरीला दोघींनीही काही सांगायचं नाही. ती एकदा रडून मोकळी झाली आहे. माझ्याशी बोलत नाही, बोलेल कधीतरी. त्याला खोटारडा मी म्हणाले होते आणि तो शब्द मला परत घ्यायचा आहे. त्याला कुठे पुरलं तेवढं कळवा."