चहाच्या टेबलावरचे वडे

इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या मैदानावर इंग्लिश टीमनं माझ्या बायकोचे बटाटेवडे दोन-दोन उचलले. आमच्या मराठी टीमनं एकही नाही.

इनिंग संपली की होम टीमनं सगळ्यांना चहा-खाणं द्यायचं, ही इथली रीत. त्या रविवारी पाळी आमच्या घराची होती. बायको सकाळपासून कढईसमोर उभी. अनिरुद्ध, आमचा कॅप्टन, प्लेट घेऊन आला. वडे पाहिले. पुढं सरकला आणि क्रिस्पचं, म्हणजे वेफर्सचं, पाकीट फोडलं. मागचे सगळे तसेच सरकले.

"घे ना रे, गरम आहेत," मी म्हणालो.

"नको यार, आज जरा ॲसिडिटी आहे."

अख्ख्या टीमला एकदम ॲसिडिटी.

मला कळलं. गेल्या सीझनला हाच माणूस वड्यांची रेसिपी मागत होता. मागच्या आठवड्यात किट द्यायला पहिल्यांदाच घरी आला, हॉलमधला निळ्या कोटातला फोटो पाहिला आणि पाणीसुद्धा न घेता गेला.

आणि मॅचच्या आधी यानंच भाषण ठोकलं होतं. क्लबचा वर्णद्वेषविरोधी दिवस होता ना! अमेरिकेत गोऱ्यांच्या प्रोफेशनल बेसबॉलमध्ये शिरलेल्या काळ्या खेळाडूची गोष्ट. लोक शिव्या घालायचे, स्वतःच्या टीममधल्या काहींनाही तो नको होता, तरी तो गप्प राहून खेळला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

लाज त्यांना वाटायला हवी होती. वाटली मला. टेबलामागं उभ्या बायकोकडं बघवेना. खाली मान घालून पॅड बांधले आणि दुसऱ्याच बॉलला आऊट झालो.

गाडीत ती म्हणाली, "फोटो बेडरूममध्ये लावू या का? सीझन संपेपर्यंत?"

माझ्याही मनात तेच आलं होतं. तिच्या तोंडून ऐकलं आणि अंगाची आग झाली. इतक्या लांब येऊन, ज्यांच्यामुळं इथवर पोचलो त्यांनाच आम्ही आमच्याच घरात लपवायचं?

"फोटो हलणार नाही," मी म्हणालो.

तो बेसबॉलवाला गप्प राहिला. त्याला राहावं लागलं. मी का राहू?

घरी पोचताच टीमच्या ग्रुपवर लिहिलं: "पुढच्या रविवारचा चहाही माझ्याकडे. वडेच आणणार. ज्याला नको असतील त्यानं ॲसिडिटी सांगायची नाही. इंग्लिश टीमसमोर खरं कारण सांगायचं, इंग्लिशमध्ये. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन. आणि मग बॅटिंगला उतरेन."